इलेक्ट्रिक गाडीला ऑल-सीझन टायर लावावेत की विंटरचा वेगळा सेट घ्यावा?

काजवा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गाडी इलेक्ट्रिक, मोटर मागच्या चाकांना, रिकामं वजन साधारण १,९०० किलो. कंपनीकडून आलेले टायर २५५/४० आर२० मापाचे, समर. हिवाळ्यात पारा बहुतेक दिवस उणे ५ ते अधिक ८ मध्ये असतो, स्नो अधूनमधून, मोठे रस्ते लवकर साफ होतात. वर्षाचं रनिंग १५,००० किमी.
प्रश्न तीन. चारही ऑल-सीझन लावून वर्षभराचा विषय मिटवावा, की विंटरचा सेट घ्यावा? विंटरने रेंज नेमकी किती पडते? आणि टायरवर 'ईव्ही' असा शिक्का असायलाच हवा का?

रबरमंथन
आधी टायरच्या कडेवर काय छापलंय ते बघा, नाव नंतर. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर दाबलेल्या स्नोवरच्या चाचणीत प्रमाण टायरच्या तुलनेत पास झालेला असतो. नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि स्नो) लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. ते अक्षर नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच छापते, त्यामागे कुठलीही चाचणी नाही. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एसला हिवाळी टायर म्हणून मान्यता देणं बंद केलं ते त्यामुळेच.
गोंधळ इथे होतो: उत्तर अमेरिकेत 'ऑल-सीझन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टायरांवर डोंगराचं चिन्ह नसतं. ज्यांच्यावर असतं त्यांना तिथे 'ऑल-वेदर' म्हणतात. युरोपात 'ऑल-सीझन' म्हटलं की चिन्ह बहुधा असतंच. म्हणजे दोन माणसं इंटरनेटवर 'ऑल-सीझन चालतो की नाही' यावर तावातावाने भांडत असतात आणि दोघांच्या डोक्यात वेगळेच टायर असतात.
या धाग्यात ऑल-सीझन म्हणजे डोंगरवाला असं धरून चालू या. बिनचिन्हाचा टायर तुमच्या उणे ५ ला स्पर्धेतच नाही.

नटबोल्ट
+१. त्यात एक पुस्ती. डोंगराच्या चिन्हाची चाचणी स्नोवरच्या पकडीपुरती आहे. आइसवर, म्हणजे गोठून कडक झालेल्या बर्फावर, टायर कसा थांबतो, वळणावर काय करतो, हे त्यात तपासलेलं नाही. आइससाठी युरोपियन लेबलवर मे २०२१ पासून वेगळं चिन्ह आहे, बर्फाच्या सुळक्याचं. ते प्रामुख्याने नॉर्डिक जातीच्या मऊ टायरांवर दिसतं.

काजवा
म्हणजे विंटरमध्येही दोन जाती?

नटबोल्ट
तीन म्हणा.
पहिली मध्य युरोपीय, म्हणजे 'अल्पाइन'. स्पीड रेटिंग एच किंवा व्ही (२१० किंवा २४० किमी/तास). ओला, थंड, मिठाचा रस्ता आणि मधूनच स्नो, यासाठी. दुसरी नॉर्डिक फ्रिक्शन, खिळे नसलेली. रबर फार मऊ, नक्षीत सायप्स म्हणजे बारीक चिरा खच्चून, रेटिंग क्यू, आर, टी (१६०, १७०, १९०). आठवडेच्या आठवडे रस्ता पांढरा राहतो तिथे हीच घ्यावी. तिसरी खिळेवाली: ओल्या, गुळगुळीत आइसवर तिला तोड नाही, पण आवाज करते, डांबर खाते आणि जर्मनीसह अनेक ठिकाणी तिच्यावर बंदी आहे.
५ अंश आणि पाऊस अशा हवेत नॉर्डिक टायर अल्पाइनपेक्षा लांब जाऊन थांबतो, कारण इतकं मऊ रबर ओल्या डांबरावर ब्रेक मारताना दुमडतं. 'सगळ्यात विंटर तो सगळ्यात चांगला' हे गणित तुमच्या हवेत उलटं बसेल. तुमच्यासाठी प्रश्न फक्त डोंगरवाला ऑल-सीझन विरुद्ध अल्पाइन विंटर एवढाच आहे.

सरळमार्गी
फोर व्हील ड्राइव्ह असती तर ऑल-सीझन डोळे झाकून सांगितला असता. इथे मागचीच चाकं ओढतात, म्हणून विंटर.

रबरमंथन
फोर व्हील ड्राइव्हने गाडी सुटते, थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ५० किमी/तास म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८१). घर्षणांक ०.३ (दाबलेला स्नो, चांगला टायर) धरला तर ३३ मीटर. ०.२ धरला तर ४९ मीटर. ०.१ (गुळगुळीत आइस) धरला तर ९८ मीटर. ड्राइव्ह कुठल्या चाकांना आहे हे या सूत्रात कुठेच येत नाही. उलट फोर व्हीलवाला सिग्नलवरून झकास सुटतो, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज त्याला पहिल्या ब्रेकलाच येतो.

सरळमार्गी
मान्य. पण इलेक्ट्रिक गाडी जड, जडपणाने टायर रस्त्यावर दाबला जातो, मग पकड वाढायला नको?

रबरमंथन
पकडीचं बळ वाढतं, पण थांबवायचं वस्तुमानही तितकंच वाढतं. दोन्ही एकमेकांना खातात, म्हणून वरच्या सूत्रात वजन नाही. प्रत्यक्षात किंचित तोटाच होतो, कारण रबराचा घर्षणांक भार वाढला की थोडा उतरतो. चढावर सुटताना मागच्या चाकांवर वजन असल्याचा फायदा मिळतो, तेवढाच.

वॉटमीटर
रेंजवर येतो. हा भाग लोक अंदाजपंचे सांगतात, पण हिशोब सोपा आहे.
युरोपियन लेबलवर रोलिंग रेझिस्टन्सचे (टायर फिरताना होणाऱ्या रोधाचे) वर्ग: ए म्हणजे टनामागे ६.५ किलोपर्यंत, बी ७.७ पर्यंत, सी ९.० पर्यंत, डी १०.५ पर्यंत, ई त्यापुढे. समजा माणसांसकट गाडी २,००० किलो आणि तुम्ही ए वर्गाच्या समरवरून सी वर्गाच्या विंटरवर गेलात. फरक धरा टनामागे २ किलो. जास्तीचं रोधबळ ४ किलो, म्हणजे साधारण ३९ न्यूटन. १०० किमीला ३.९ मेगाज्यूल, म्हणजे १.१ युनिट. मोटर-इन्व्हर्टरचा तोटा धरून १.२. गाडी १०० किमीला १८ युनिट खात असेल तर ही झाली सहा-सात टक्के.
आता शेजारचे आकडे बघा. केबिनचा हीटर सरासरी २ किलोवॅट घेत असेल आणि शहरात सरासरी वेग ४० असेल, तर १०० किमीला २.५ तास, म्हणजे ५ युनिट. उणे १० ची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के घन असते, त्यामुळे हायवेवर हवेचा रोधही तेवढाच वाढतो. गार बॅटरी रिजन (वेग कमी करताना मोटरने परत भरलेली वीज) कमी घेते ते वेगळंच.
लोक ऑक्टोबरच्या शेवटी टायर बदलतात, नोव्हेंबरमध्ये रेंज पडते, आणि शिव्या टायरला. त्यात आणखी एक भर: झिजलेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा कमी असतो, कारण नक्षीचं दुमडणारं रबर कमी उरलेलं असतं. ४ मिमीच्या जुन्या समरवरून ८-९ मिमीच्या कोऱ्या विंटरवर गेलात तर फरक लेबलपेक्षा मोठा दिसतो. कोरे ऑल-सीझन लावले तरी हेच होणार.

काजवा
मग ऑल-सीझन आणि विंटरमध्ये रेंजचा फरक नगण्य म्हणायचा?

वॉटमीटर
हिवाळ्यापुरता बऱ्याचदा हो, दोन्ही बी-सी वर्गातच असतात. खरा फरक उन्हाळ्यात. ऑल-सीझनवर तुम्ही एप्रिल ते ऑक्टोबरही बी-सी वर्ग ओढत राहता, समरवर ए. तुमचे निम्म्याहून जास्त किलोमीटर तेव्हाच होत असतील.
आणि २० इंची रिमवर विंटर चढवू नका. १९ किंवा १८ वर उतरा. लहान रिमला बहुधा एअरो कव्हर (हवेचा रोध कमी करणारं झाकण) असतं, चाक हलकं असतं. टायरमुळे गेलेल्या रेंजपैकी बरीचशी तिथे परत मिळते.

भारवाहक
मापावर उतरताना हे तपासा, क्रमाने.
व्यास: २५५/४० आर२० म्हणजे रुंदी २५५ मिमी, कडेची उंची तिच्या ४० टक्के, रिम २० इंची. त्याचा बाहेरचा व्यास ५०८ + २ × १०२ = ७१२ मिमी. २५५/४५ आर१९ चा ४८२.६ + २ × ११४.७५ = ७१२.१. म्हणजे जवळजवळ तोच, स्पीडोमीटर आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दोघेही खूश.
लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा): इलेक्ट्रिक गाडीत लोक इथेच चुकतात. २५५/४० आर२० एक्सएलचा (जास्त भार पेलणाऱ्या बांधणीचा) इंडेक्स १०१, म्हणजे चाकामागे ८२५ किलो. २५५/४५ आर१९ एक्सएलचा १०४, म्हणजे ९०० किलो. इथे लहान रिमवर भारक्षमता वाढतेय, कारण टायरमध्ये हवा जास्त मावते. पण तेच माप 'स्टँडर्ड लोड'मध्ये मिळालं तर इंडेक्स १०० (८०० किलो), म्हणजे मूळच्या १०१ पेक्षाही कमी. माप तेच म्हणून टायर तोच असं नसतं. नोंदणीच्या कागदावर मागच्या अॅक्सलचा कमाल भार बघा, अर्धा करा, आणि टायर त्याच्या वरच हवा. अगदी जड गाड्यांना एक्सएलही पुरत नाही, तिथे मापाच्या आधी 'एचएल' (एक्सएलहूनही जास्त भाराचा) छापलेला टायर लागतो. मुळात एचएल आलेला असेल तर त्याजागी एक्सएल लावू नका.
स्पीड रेटिंगमध्ये मात्र सूट आहे. युरोपात विंटर टायर गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी रेटिंगचा चालतो, समोर तसा स्टिकर लावायचा. लोड इंडेक्समध्ये अशी सूट नाही.
रिम: ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं), सेंटर बोअर (मधलं भोक), बोल्टचं वर्तुळ, आणि रिमची स्वतःची भारक्षमता (आतल्या बाजूला कोरलेली असते). ब्रेकचा कॅलिपर आणि रिममध्ये जागा उरते का ते आधी एक चाक नुसतं लावून, हाताने फिरवून बघा.

सरळमार्गी
'ईव्ही' शिक्क्याचं कुणी बोललं नाही अजून.

नटबोल्ट
शिक्के दोन प्रकारचे. एक, टायर कंपनीचा स्वतःचा 'ईव्हीसाठी' छाप. त्यामागे कुठलंही सामाईक प्रमाण नाही, कंपनी म्हणेल ते. दुसरा, गाडीच्या कंपनीने मान्य केलेल्या टायरची खूण: टेस्लाची टी०, टी१, टी२, पोर्शेच्या इलेक्ट्रिक गाड्यांची एनएफ०, व्होल्वोची व्हीओएल. यात रबर आणि अंतर्गत बांधणी त्या गाडीसाठी जुळवलेली असते, आणि बऱ्याचदा आत पॉलियुरेथेनचा फोम चिकटवलेला असतो. टायरच्या पोकळीत हवा २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. इंजिनाचा आवाज नसल्याने ती घूं घूं केबिनमध्ये ठळक येते, फोम ती दाबतो.
हिवाळी सेटला फोम हवाच असं मी म्हणणार नाही. फोमवाला पंक्चर झाला तर आतून भोकाभोवतीचा फोम खरवडून, जागा साफ करून मगच पॅच बसतो, आणि बरेच टायरवाले हात वर करतात. स्टेपनी बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत नसतेच. सीलंटची बाटली ओतली तर ती फोममध्ये शोषली जाऊन भोकापर्यंत नीट पोचेलच असं नाही. गारठलेल्या रात्री हा खेळ नको. लोड इंडेक्स बरोबर, रोलिंग रेझिस्टन्स बी किंवा सी, ओल्या पकडीचा वर्ग बी किंवा वर, एवढं जुळलं की बिनशिक्क्याचा अल्पाइन टायर बिनधास्त घ्या.

घाटरस्ता
मागच्या चाकांना मोटर आहे, तेव्हा रिजनबद्दल. अॅक्सिलरेटर झटकन सोडला की रिजन फक्त मागच्या चाकांना रोखतो. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. उतारावर, वळणात, आइसवर मात्र हे हँडब्रेक ओढल्यासारखं होतं आणि मागची बाजू बाहेर जायला बघते. गाडीचं कंट्रोल युनिट घसरण ओळखून रिजन सोडतं, पण ओळखेपर्यंतचा क्षण टायरनेच सांभाळायचा असतो. म्हणून रिजन सर्वांत कमी पातळीवर ठेवा, वन-पेडल (पाय उचलला की गाडी आपोआप थांबवणारा मोड) बंद, 'स्नो' किंवा सौम्य मोड असेल तर तो चालू, आणि पाय हळूहळू उचला.
याहून फसवं म्हणजे सकाळी बॅटरी गार असते तेव्हा रिजन जवळजवळ नसतोच. वीस-तीस मिनिटांनी बॅटरी कोमट होते आणि रिजन हळूच परत येतो. म्हणजे त्याच पायाला गाडी सकाळी एक उत्तर देते आणि घाटाच्या टोकाला दुसरं. चार्जरला लावलेली असतानाच बॅटरी आणि केबिन गरम करून निघालात तर हा फरक बराच कमी होतो, आणि हीटरची वीजही भिंतीतून जाते.
विंटर टायर फक्त मागच्या दोन चाकांना लावायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. पुढे समर आणि मागे विंटर असेल तर गाडी वळतच नाही. उलट केलं तर मागची बाजू पुढे येते. चारही एकच.

काजवा
मग माझ्या केसमध्ये निकाल काय? डोंगरवाले ऑल-सीझन की २५५/४५ आर१९ अल्पाइन?

रबरमंथन
तुमच्याकडे समरचा सेट आहे, तो अजून धावणार आहे, आणि मापावर उतरायची सोय आहे. अल्पाइन घ्या. दोन सेट असले तरी टायर काही दुप्पट झिजत नाहीत, प्रत्येक सेट निम्मेच किलोमीटर चालतो. जड गाडी आणि शून्यातून मिळणारा पूर्ण टॉर्क, यामुळे ऑल-सीझनचं मऊ रबर उन्हाळ्यात भसाभस जातं. विंटर नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की तिचं स्नोवरचं काम संपतं, कायदा १.६ मिमी म्हणत असला तरी. ऑस्ट्रियात तर हिवाळ्याला ४ मिमी कायद्यानेच लागतात. हाच ४ मिमीचा नियम ऑल-सीझनलाही लावा. मग पहिला हिवाळा उत्तम, दुसरा बरा, तिसऱ्यात टायर डोंगराचं चिन्ह मिरवणारा समर झालेला असतो.

वॉटमीटर
मी थोडा वेगळा पडतो. रस्ते साफ होतात, बर्फ अधूनमधून, आणि काजवा यांना बर्फाच्या दिवशी गाडी न काढण्याची मुभा असेल, तर चांगल्या कंपनीचे ऑल-सीझन पुरतात. निकष तापमानाचा कमी, मुभेचा जास्त. पहाटे पाचला निघावंच लागतं, चढावर घर आहे, तर चर्चाच नको, विंटर. दुसरा सेट ठेवायला थंड, कोरडी, अंधारी जागा नसेल तर तोही मुद्दा आहे. उन्हात आणि ओझोनच्या संपर्कात पडलेले टायर काही वर्षांत कडेला भेगाळतात.

रबरमंथन
मुभेचा मुद्दा पटतो. पण ७ अंशांखाली समरचं रबर कडक होतं ते कोरड्या रस्त्यावरही, त्यामुळे 'आहेत ते समर ठेवतो आणि बर्फाच्या दिवशी बस' हा तिसरा पर्याय मात्र कुणी काढू नये.

काजवा
पहाटे निघावं लागतं. १९ इंची अल्पाइन सेट, रिमसकट. बदल घरीच करायचा विचार आहे. काय सांभाळू?

भारवाहक
जॅक. पोटाखाली सगळी बॅटरी आहे. जॅक चुकीच्या जागी लावला तर बॅटरीचं कवच दबतं, आणि ते टायरच्या कितीतरी पट महाग पडतं. सिलखाली (दरवाजांखालच्या पट्टीखाली) चार ठरलेले बिंदू असतात, तिथे बसणारा रबरी पक (जाड चकती) घ्या आणि जॅक त्याच्यावर. एअर सस्पेन्शन असेल तर आधी जॅक मोड. जमीन सपाट, तिरक्या टोकाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण.
नट जमिनीवर चाक असताना पाव फेरा ढिले करा, मग उचला. हबवरचा गंज वायर ब्रशने काढा, नाहीतर चाक हबला नीट टेकत नाही आणि स्टीअरिंग थरथरतं. नट हाताने चढवा, चांदणीच्या क्रमाने आवळा, चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंच. आकडा मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाचा नको (टेस्ला मॉडेल ३ ला १७५ न्यूटन-मीटर). ५० ते १०० किमी झाले की पुन्हा एकदा रेंच लावा.
फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. उतरवलेल्या चाकांवर खडूने 'मा-डा', 'पु-उ' लिहून ठेवा. मागच्या ड्राइव्हमुळे मागचे जास्त झिजलेले असतील, पुढच्या हंगामात त्यांना पुढे लावा. बाणवाले टायर त्याच बाजूला मागे-पुढे करायचे, डावे-उजवे नाही.
आणि टायर घेताना कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे (बनवल्याचा आठवडा आणि वर्ष) वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना माल गळ्यात मारून घेऊ नका.

नटबोल्ट
प्रेशर सेन्सरचं आधी विचारून घ्या. काही गाड्या एबीएसवरून (चाकांच्या वेगावरून) दाबाचा अंदाज बांधतात, तिथे मेनूतून नुसतं रिसेट. काहींना प्रत्येक रिममध्ये सेन्सर लागतो, तोही त्या बाजारपेठेच्या फ्रीक्वेन्सीचा (युरोपात ४३३ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत बऱ्याचदा ३१५), आणि काही नव्या गाड्यांत ब्लूटूथवाला. टायर चढवल्यावर कळलं तर पुन्हा उतरवायला लागतो.
हवा: २० अंशांच्या गॅरेजमध्ये २.९ बार भरली आणि गाडी उणे १० मध्ये उभी राहिली, तर सकाळी २.५ दिसते. गळती नाही, नुसतं तापमान. दर १० अंशांना साधारण ०.१३ बार. दाब मॅन्युअलप्रमाणे, पण बाहेरच्या थंडीत, गाडी चालवण्याआधी मोजून भरा. चांगली पकड मिळावी म्हणून हवा कमी करायची जुनी युक्ती इथे करू नका, कमी हवेत हा भार टायरच्या कडा खातो आणि रेंजही.

घाटरस्ता
नवे टायर पहिले ३०० किमी जपून चालवा, साच्यातून सोडवायला लावलेला थर घासून जाईपर्यंत पकड अर्धवटच असते. त्यामुळे पहिला बर्फ पडायची वाट बघू नका, सकाळी पारा ७ अंशांच्या खाली जायला लागला की चढवून टाका.

काजवा
मॅन्युअल उघडून पाहिलं. मागच्या अॅक्सलचा कमाल भार १,३७० किलो, म्हणजे चाकामागे ६८५. १०४ इंडेक्स भरपूर झाला. सेन्सर ब्लूटूथवाले लागतात, ते रिमबरोबरच मागवतो. स्नोसाठी टायरवर बांधायच्या साखळ्यांचं मात्र असं लिहिलंय की फक्त मागच्या चाकांना आणि ठरावीक मापालाच, त्यात २५५/४५ आर१९ नाही.

भारवाहक
मग साखळी विसरा. त्या मापाला आतल्या बाजूला सस्पेन्शन आणि ब्रेकच्या नळीशी जागा पुरत नसेल, बहुधा म्हणूनच ते यादीत नाही. साखळी सक्तीच्या घाटात जायचं असेल तर यादीतलं अरुंद माप घ्या. १८ इंची असेल तर कॅलिपर पुन्हा तपासा. टायरवर चढवायचे कापडी सॉक्स लागतात का, चालतात का, हे त्या रस्त्याच्या नियमात बघा. सगळीकडे साखळीऐवजी ते मान्य नसतात.